25 पाय की 33?

गणपती आठ दिवसांवर आले की माळ्यावरची माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, खाली काढणं हे काम माझ्याकडे. यंदा माटवीमागे आमचे दोन जुने कॉम्प्युटर सापडले. 1993 साली मालवणात टायपिंगचा क्लास काढला होता, त्यातले. दोन्ही पिवळट पडलेले, दोन्हींना वेग कमीजास्त करायचं टर्बोचं बटण, दोन्हींच्या तोंडावर आकड्यांची खिडकी. वहिनी शिडी धरून खाली उभी. म्हणाली, "दोन्य सारखेच दिसतत मरे. एक भंगारवाल्याक देवन टाक."

सारखे नाहीत. प्रोसेसर दोन्हींत 386, पण एकात त्याचा एसएक्स हा प्रकार, दुसऱ्यात महागडा डीएक्स. पण कुठला कुठला, ते मीही विसरलो होतो.

खिडकीतला वेगाचा आकडा (मेगाहर्ट्झ) बघून काही कळत नाही. तो प्रोसेसर मोजून येत नाही, आतले चिमुकले जंपर (पिनांवर बसणाऱ्या टोप्या) बसवाल तसा दिसतो. आमच्या दोन्हींवर 40. विकणाऱ्याने बिलावर नुसतं '386-40' लिहिलं आणि दोन्हींचे पैसे डीएक्सचे लावले. वर्षभर मला पत्ता नव्हता. रॅम वाढवायला उघडले तेव्हा कळलं. एकात त्या 30 पिनांच्या पट्ट्या दोन-दोनने बसत होत्या, दुसऱ्यात चारशिवाय चालत नव्हत्या. पट्टी एका वेळी 8 बिट देते. डीएक्स मेमरीशी 32 बिटांनी बोलतो, एसएक्स आतून 32 चाच, पण बाहेर 16. गणित एवढंच. ते कळण्याआधी मात्र मी पट्टीच खराब म्हणून ती परत करायला कणकवलीला जाऊन आलो होतो.

सॉकेटात असेल तो डीएक्स, बोर्डाला सोल्डर केलेला तो एसएक्स, असं तेव्हा सांगायचे. हेही फसवं. इंटेलचा 386 डीएक्स 33 मेगाहर्ट्झवर थांबला. 40 चा म्हणजे एएमडी या दुसऱ्या कंपनीचा, आणि तो सोल्डर केलेलाही यायचा. मग प्रोसेसरच्या चिपचे पाय मोजायचे. एका बाजूला 25, एकूण 100, तर एसएक्स. 33, एकूण 132, तर डीएक्स. चष्मा, टॉर्च आणि टाचणी घेऊन पडवीत बसलो. दोनदा मोजताना चुकलो.

(486 ला हे लावू नका. तिथे डीएक्स म्हणजे गणिताचा को-प्रोसेसर आत असलेला. अक्षरं तीच, अर्थ वेगळा.)

33 पायांच्या बोर्डावरची निळी बॅटरी फुटून कीबोर्डच्या सॉकेटापर्यंत हिरवं पसरलेलं. वर आमची खारी हवा. वहिनीने कोकमाचं आगळ सुचवलं. आंबट हवं हे बरोबर, कारण बॅटरीतून गळतं ते अल्कली. पण आगळात मीठ असतं. साधं व्हिनेगर कापसाने लावलं, तर दोन ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, पुसल्याबरोबर निघून आले.

25 पायांचा मात्र कोरडा ठणठणीत. प्लग लावला. पंखा कुरकुरला, खिडकीत 40 आलं.

"ह्योच बरो मां?" वहिनीने विचारलं.


माटवी अजून धुवायची आहे.