कॅमेरा कुठला चांगला, आणि काकूंचा खलबत्ता

"तुमच्याकडे नायकॉन, मित्राकडे कॅनन. दोन्ही हाताळलेत ना? मग खरं सांगा, फोटो कुठल्याचा चांगला येतो?" लग्नाच्या हॉलवर, फोर्टात बोराबाजारातल्या दुकानाच्या पायरीवर, एकदा तर दादरला उतरायच्या गडबडीत गाडीच्या दारात लोकांनी मला हे विचारलंय. मी "दोन्ही चांगले" म्हणून सटकतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून, आणि चहा पाजून विचारलंत म्हणून, नीट सांगतो.

माझा आहे नायकॉन डी८५०. २०१७ साली आलेला, ४५.७ मेगापिक्सेलचा. मित्राचा कॅनन ५डीएस आर, २०१५चा, ५०.६ मेगापिक्सेलचा. सगळे मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या, मागे धावतायत, त्यामुळे हे दोन्ही जुन्या बाजारात दिसायला लागलेत आणि विचारणारेही वाढलेत. पन्नास म्हटलं की पंचेचाळीसपेक्षा बरंच जास्त वाटतं. पण कॅननच्या फोटोची रुंदी ८६८८ पिक्सेल आणि नायकॉनची ८२५६. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापलात तर एक प्रिंट २९ इंचांची, दुसरी साडेसत्तावीस. दीड इंचाचा फरक. तेवढं तर फ्रेमवाला कडेच्या पुठ्ठ्याखाली दाबतो.

तरी आम्हाला खुमखुमी होतीच. एका रविवारी मित्र ठाण्याहून बॅग घेऊन आमच्या गिरगावातल्या चाळीत आला.

दोन कंपन्यांचे कॅमेरे समोरासमोर ठेवले की पहिली अडचण लेन्सची. ह्याची लेन्स वेगळी, त्याची वेगळी, मग तुलना कॅमेऱ्यांची होते की काचेची? पण एक पळवाट आहे. नायकॉनच्या लेन्सचं बूड सेन्सरपासून, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपासून, ४६.५ मिलिमीटरवर असतं, कॅननचं ४४ वर. मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये एक साधी धातूची रिंग बसते आणि नायकॉनची लेन्स कॅननवर चढते. उलटं मात्र जमत नाही, तिथे जागाच उरत नाही. माझ्याकडे नायकॉनची ५५ मिलिमीटरची जुनी मायक्रो लेन्स आहे, अ‍ॅपर्चरची (लेन्सचं भोक लहानमोठं करणारी) कडी लेन्सवरच असलेली. तीच दोन्हींवर लावली, फोकस हातानं, मागच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून. समोर दोरीवर आईची इरकल.

पहिल्या तासाभरात निकाल लागला: कॅनन नापास. नायकॉनच्या फोटोत काठाचा धागा न् धागा मोजता येत होता, कॅननच्या फोटोत सगळं जरासं पुसट. मित्राचा चेहरा पडला. मी मनातून खूश, खोटं कशाला बोलू. त्यानं तेच पुन्हा काढलं, तर एक फोटो कडक, दुसरा पुसट, तिसरा पुन्हा कडक. असं सेन्सर करत नाही. आम्ही दोघं गप्प बसलो आणि मग ऐकू आलं: धब, धब, धब. शेजारच्या काकू खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होत्या. आमच्या चाळीची जमीन लाकडी, तुळयांवरच्या फळ्यांची. तिकडे बत्ता पडला की इकडे ट्रायपॉड हलणार. शटर उघडं राहत होतं एक अष्टमांश सेकंद. कॅननचा एक पिक्सेल जेमतेम ४.१४ मायक्रॉनचा, नायकॉनचा ४.३५ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केसाच्या जाडीत असे डझनभर तरी बसतील. तेवढंही चित्र सरकलं की तुमचे पन्नास मेगापिक्सेल गेले कुटात. डोळ्याला ट्रायपॉड ठाम दिसतो, हे वाईट.

काकूंचं कुटणं संपेपर्यंत चहा झाला. नंतर काढलेले फोटो शेजारी ठेवले तर काठ दोन्हीकडे सारखाच कडक. कॅननमध्ये किंचित जास्त बारकावा होता, पण तो कुठला फोटो कुठला हे माहीत असल्यावर दिसणारा.

इथे एक चूक सगळेच करतात, मीही केली. दोन्ही फोटो स्क्रीनवर शंभर टक्क्यांना उघडायचे आणि दाणे मोजायचे. जास्त पिक्सेलवाला त्यात जास्त मोठा होऊन दिसतो, म्हणजे तुम्ही एक फोटो नाकाला लावून बघताय आणि दुसरा वीतभर लांबून. आधी दोन्ही एका मापाचे करा, मग भांडा.

साडीनं दुसरी एक गोष्ट दाखवली. एका अंतरावरून तिच्या बारीक चौकड्यांवर हिरव्या-जांभळ्या लाटा उमटल्या, पाण्यावर तेल सांडल्यासारख्या. याला मोआरे म्हणतात. विणीची घनता आणि पिक्सेलची घनता जवळजवळ जुळली की हे होतं. पूर्वी सेन्सरपुढे चित्र चिमूटभर मऊ करणारी गाळणी असायची, ती हे थोपवायची. डी८५० मध्ये ती नाहीच, आणि ५डीएस आर मध्ये तिचा परिणाम आतच रद्द केलेला आहे. त्यामुळे दोन्ही फसले, फक्त वेगवेगळ्या अंतरावर. ट्रायपॉड अर्धा फूट पुढे घेतला की लाटा गायब. दादरच्या दुकानदारांसाठी साड्यांचे कॅटलॉग करणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण बाई साडी घेते रंग बघून आणि तुम्ही तिला नसलेला जांभळा दाखवलेला असतो.

फरक खराखुरा दिसला तो दुपारी. खिडकीबाहेर टळटळीत ऊन, आत कोनाड्यात देव्हारा, काळोखात. दोन्ही कॅमेरे आपापल्या सर्वात कमी मूळ आयएसओवर (प्रकाशाची संवेदनशीलता), नायकॉन ६४, कॅनन १००. बाहेरचं आकाश जळू नये अशा बेतानं फोटो काढले. देव्हारा अर्थातच काळाकुट्ट आला. मग कंप्युटरवर सावल्या वर खेचल्या. नायकॉनमध्ये काळोखातून हळूहळू तांब्याचा काठ आला, निरांजनाच्या बुडाची काजळी आली, बाळकृष्णाच्या गळ्यातला सुकलेला हार आला. रंग शाबूत. कॅननमध्येही हे सगळं आलं, पण वर रांगोळी विस्कटावी तसे लाल-हिरवे दाणे पसरलेले. तांब्या तांब्याचा वाटेना. हे लेन्सचं नाही, खलबत्त्याचंही नाही. हे सेन्सरचं आहे आणि नायकॉन इथे सरळ पुढे आहे. सीएसएमटीच्या कमानी संध्याकाळी काढायच्या, वर आकाश अजून उजळ आणि कमानींत अंधार, अशी कामं तुमची असतील तर मला दुसरं काही विचारू नका.

लग्नात मात्र मित्राचा कॅमेरा माझ्यापेक्षा कमी त्रास देतो. कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारे त्याचे जेपेग चेहऱ्याला गोड असतात आणि गिऱ्हाईक त्यावर खूश होतं. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल घेऊन स्वतः रंग बसवलेत तर हा फरक बहुतेक मिटतो, पण हजार फोटोंना कोण बसवत बसणार? कुंकवाचा आणि हळदीचा त्रास दोघांनाही आहे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला आपटलेला असतो आणि शालूचा पोत जाऊन नुसता लाल पत्रा उरतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे बघायची सवय लावा. आणि "जरा उजळ करा हं" म्हणणाऱ्या मावशींपुढे कुठलाच सेन्सर टिकत नाही.

जुन्या फोटोग्राफरांना इमारत म्हटली की एफ-१६, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक, लावायची सवय. एफ-१६ ला प्रकाशाचा ठिपका पसरून वीसेक मायक्रॉनचा होतो, म्हणजे या सेन्सरवर पाचेक पिक्सेल. एवढे पिक्सेल विकत घ्यायचे आणि मग ते असे सारवून टाकायचे! एफ-५.६ किंवा ८ वर थांबा.

तर मी काय घेईन? अंधार-उजेडाची कामं जास्त, म्हणून पुन्हा डी८५०. पण तुमच्या घरात कॅननच्या तीन चांगल्या लेन्स पडल्या असतील तर त्या विकून नायकॉनकडे येऊ नका, बदलाबदलीत जाणाऱ्या पैशांत एक जड ट्रायपॉड घ्या. जुना घेताना शटर किती वेळा चाललंय ते विचारा, आणि लेन्स मोबाइलच्या टॉर्चवर धरून आरपार बघा. मुंबईच्या दोन पावसाळ्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, आणि विकणारा तिला "धूळ आहे हो" म्हणतो. धुळीचे सुटे ठिपके असतात, बुरशीला फांद्या असतात.