धूळपाटीवरून लेखात: मराठी विकिपीडियावरचा माझा पहिला पावसाळा

मागच्या नोंदीत फक्त सदस्य खातं उघडल्याचं लिहिलं होतं. आता सांगण्यासारखं बरंच साठलं आहे. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवरचा माझा मजकूर धूळपाटीवरून (सरावाच्या पानावरून) उठून लेखात जाऊन बसला आहे, आणि मधल्या काळात जे कळलं ते नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे.

सुरुवात मोठ्या लेखाने करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. सातारा तालुक्यातल्या गावांचे दोन-तीन ओळींचे लेख शोधायचे आणि त्यांत भर घालायची, एवढंच काम घेतलं. कुठे विषयाचा वर्ग नव्हता तो जोडला, कुठे लोकसंख्येला संदर्भ नव्हता तिथे 2011च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका दिली, कुठे ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. कामं बारीक आहेत, पण साचे (लेखांत पुन्हा पुन्हा वापरायचे तयार चौकटी-मजकूर) कसे चालतात, संदर्भाचा कोड कुठे बसतो, हे सगळं त्यातूनच हाताखालून गेलं. टंकलेखनासाठी मी अक्षरांतरण (रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवणं) सोडून इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर आले. पहिले काही दिवस बोटं अडखळली, पण जोडाक्षरांसाठी मला तेच बरं वाटतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रत्येक लेखाच्या वरच्या ‘इतिहास’ या दुव्याने. लेखात कोणी, कधी, काय बदललं हे तिथे ओळीने दिसतं, आणि कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचता येतात. मी एखादा जुना, चांगला वाढलेला लेख घ्यायचे आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून पुढे वाचत यायचे. कोण संदर्भ घालतं, कोण भाषा सुधारतं, कोण अलीकडील बदलांवर रोज नजर ठेवून खोडसाळ बदल उलटवतं, हे हळूहळू ओळखू येऊ लागलं. सांगकाम्यांची, म्हणजे आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामांची, कामंही कळली. ज्यांच्याशी अजून एक शब्द बोलले नव्हते, त्यांच्या कामाच्या सवयी मला माहीत झाल्या होत्या. त्यामुळे चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चापानावर) पहिल्यांदा लिहिताना परकं वाटलं नाही.

चावडीबद्दल एक सांगते: आधी जुन्या चर्चा वाचा. हा विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला, म्हणजे तुम्हाला पडलेला प्रश्न बहुधा कोणीतरी आधीच विचारलेला असतो. परकी नावं देवनागरीत कशी लिहायची, शीर्षक कसं ठेवायचं, यावर लोकांनी किती कळकळीने लिहिलं आहे! आपल्या लेखनाखाली चार टिल्डे (~~~~) टाकायचे, म्हणजे नाव आणि वेळ आपोआप उमटते.

आता विहिरीकडे येते. ही विहीर सातारा तालुक्यात लिंब गावाजवळ आहे. विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी विहीर, आणि दोन्हींच्या मधोमध छोटा महाल. तिथल्या शिलालेखात बांधकामाचा काळ शके 1641 ते 1646 असा आहे. शकात 78 मिळवले की 1719 ते 1724 येतं. विकिपीडियावर मूळ संशोधन, म्हणजे कुठेच प्रसिद्ध न झालेले स्वतःचे निष्कर्ष, चालत नाहीत; पण अशी साधी बेरीज त्यात धरत नाहीत, त्यामुळे ती लेखात चालते. पण शिलालेखाचं मी स्वतः उभं राहून केलेलं वाचन चालत नाही. ते कोणीतरी छापून प्रसिद्ध केलेलं लागतं.

हाच मुद्दा एका जुन्या सदस्यांनी माझ्या चर्चापानावर मांडला. खोली 110 फूट आणि व्यास 50 फूट हे आकडे सगळीकडे दिसतात, पण त्यांचा मूळ आधार कोणता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टेप घेऊन मोजून येते की! त्यावर त्यांनी शांतपणे समजावलं: ताई, तुम्ही मोजलेलं बरोबर असेल, पण वाचणाऱ्याला ते पडताळता कसं येणार? मला हे पूर्ण पटलं. एकमेकांकडून उचललेले आकडे कितीही ठिकाणी छापून आले तरी आधार एकच असतो, आणि तो कोणता ते शोधणं हेच आपलं काम. तोवर आकड्यांपुढे ‘संदर्भ हवा’ ही आधार नसल्याची खूण राहू द्यावी, काढू नये, असं माझं मत आहे. वाचकाला आपण कुठे उभे आहोत ते त्यातून स्वच्छ कळतं.

विशेषणांना इथे थारा नाही. ‘भव्य’, ‘अप्रतिम’ दिसलं की कोणीतरी ते काढतंच, आणि काढावंच. महालाच्या भिंतींवर काय काय कोरलं आहे ते नेमकं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती भिंत उभी राहते.

जुन्या गावांवर लिहिणाऱ्यांसाठी दोन भक्कम साधनं आहेत. एक, सातारा जिल्ह्याचा 1885चा इंग्रजी गॅझेटियर. दुसरं, श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 23 खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. केतकर 1937 साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणून त्यांचा मजकूर आता सर्वांसाठी खुला आहे. मात्र त्यातली लोकसंख्या, सीमा, नावं शंभर वर्षांपूर्वीची आहेत, तेव्हा प्रत्येक ओळ ताडून घ्यावी लागते. विश्वकोशातून उतारे उचलायचे नाहीत. वाचायचं, आपल्या शब्दांत लिहायचं आणि संदर्भ द्यायचा.

छायाचित्रं मी स्वतः काढलेली आहेत. ती कॉमन्सवर (विकिपीडियांच्या सामाईक चित्रसंग्रहावर) चढवली, म्हणजे दुसऱ्या भाषांतल्या विकिपीडियांनाही वापरता येतात. पायऱ्यांवरून वर पाहत घेतलेलं एक चित्र मला फार आवडतं; लेखात तेच लावलं आहे.

पुढचं काम असं: पाऊस थांबला की तालुक्यातल्या इतर बारवांची छायाचित्रं घ्यायची आणि प्रत्येकीसाठी छापील आधार आधी शोधायचा, मग लिहायला बसायचं. लिंबच्या शिलालेखाचं वाचन कुठल्या पुस्तकात वा नियतकालिकात आलेलं कोणाकडे असेल, तर लेखाच्या चर्चापानावर ग्रंथाचं नाव, प्रकाशनवर्ष आणि पान क्रमांक तेवढा नोंदवा. तो हाती येताच ‘संदर्भ हवा’ची पहिली पाटी मी उतरवते.