विकतची मोकळीक

जर्मनीत भाड्याचं घर बघायला गेलं की आपल्याकडच्या माणसाला हमखास एक धक्का बसतो. स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवतात तिच्यात बऱ्याचदा चार भिंती आणि भिंतीतून डोकावणारे नळाचे पाइप, एवढंच असतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू ते सगळं उचकटून नव्या घरी घेऊन गेलेला असतो, नाहीतर तुम्हालाच विकायला टपलेला असतो. श्टुटगार्टजवळचं माझं घर असंच मिळालं. व्हिडिओ कॉलवर ते बघून लातूरहून आई म्हणाली, "ओटा बी संगं घेऊन फिरतेत का काय हे लोक?"

मग शहराबाहेरच्या अवाढव्य फर्निचरच्या दुकानातून मी अख्खा संसार उचलला. चपटे खोके, मूठभर स्क्रू, एकही शब्द नसलेली चित्रांची पुस्तिका. पातेली, झारे, चाळण्या, पोळपाट म्हणून चालेल असा एक लाकडी पाट, सगळं एका पावतीवर. आणि खरं सांगते, त्या पावतीचा मला फार आनंद झाला. त्यातली एकही वस्तू कुणी दिलेली नव्हती, कुणाला विचारून घेतलेली नव्हती आणि कुणाला दाखवायचीही नव्हती.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक सूर नेहमी लागतो, की इथं सुखसोयी आहेत पण आपल्यासारखी माया नाही. मला तो फारसा पटत नाही. माया म्हणून जे आठवलं जातं त्यात दारात आलेल्याला चहा असतो, पंगत असते, दिवाळीला भरलेलं घर असतं. तो चहा टाकणारी, पंगत वाढणारी आणि मागाहून खरकटं काढणारी बाई त्या आठवणीत सहसा नसते. माझ्या लहानपणी घरातल्या बायकांना लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत जाऊन साडीला फॉल लावून आणायचा म्हटलं तरी कुणाचं तरी तोंड बघावं लागायचं. कोण सोडणार, पैसे कोण देणार, परत कधी येणार. नाती घट्ट होती हे खरं, पण एकमेकांवाचून कुणाचं पान हलत नव्हतं म्हणून घट्ट होती, आणि बायकांचं तर मुळीच हलत नव्हतं. त्यामुळे स्वतःच्या पगारातून, कुणाला न विचारता घेतलेल्या पातेल्याला कुणी चंगळवाद म्हटलं तर मी भांडेन.

पण ही मोकळीक वाढत वाढत कुठवर जाते, तेही इथं दिसतं. जर्मनीतल्या साधारण 40 टक्के घरांत एकच माणूस राहतो. प्रत्येकाचा ओटा वेगळा, वॉशिंग मशीन वेगळं, ड्रिल वेगळं. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला सामान ठेवायला जाळीची एक खोपटी आहे. जाळीतून बघितलं तर जवळजवळ प्रत्येकीत एक शिडी उभी. कधीतरी दिवा बदलायचा, तेवढ्यासाठी. शेजाऱ्याची मागितली तर काम भागेल. पण मागायचं म्हणजे दार वाजवायचं, त्याची वेळ बघायची, परत नेऊन द्यायची, आणि उद्या त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायची सोय राहत नाही. त्यापेक्षा शिडी विकत घेतलेली बरी.

आमच्याकडे दारोदार फिरणारी वस्तू एकच, ती म्हणजे एक लहानशी पाटी. या श्वाबेन भागातली ही जुनी रीत, तिला 'केअरवोखे' म्हणतात. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा आणि मग पाटी पुढच्या दाराला अडकवायची. बोलायची गरज नाही.

समोरच्या आजींची आणि माझी ओळख मात्र पार्सलमुळे झाली. इथं तुम्ही घरी नसलात की कुरिअरवाला पार्सल शेजाऱ्याकडे देतो आणि तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकून जातो. आजी दिवसभर घरी, म्हणून निम्म्या इमारतीची खरेदी त्यांच्या दिवाणखान्यात येऊन पडते. ज्या ऑनलाइन खरेदीला आपण माणसं तोडणारी म्हणतो, तिच्यापायीच मला संध्याकाळी त्यांचं दार वाजवावं लागलं. एकदा मी आभार म्हणून धपाटे दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, धुऊन-पुसून, आभाराच्या चिठ्ठीसकट, आणि रिकामा. मला ते लागलं. रिकामं भांडं परत करायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे त्यांना कोण सांगणार? आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी फेडून टाकलं असंल. तू अजून दे." मी देत राहिले. मग एके दिवशी आजींनी विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तेवढे आठवडे माझी पाटी तू घेशील का? विचारताना लाखभर युरो मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आमचं खरं येणं-जाणं तिथून सुरू झालं. आता डबा कधी जॅम घेऊन येतो, कधी रिकामा येतो, आणि मी तिकडे लक्ष देत नाही.

एकटं राहून उरलेल्या वेळाचं काय करायचं, याचाही इथं मोठा बाजार आहे. मन शांत करणारी ॲप, जंगलातल्या हॉटेलात 'स्वतःकडे परत' नेणारे शनिवार-रविवार, आयुष्याची आखणी करायच्या महागड्या डायऱ्या. आत्मशोधाचं बिल बघितलं की आपला आत्मा इतका खर्चिक आहे हे कळून धक्का बसतो. त्यापेक्षा मला इथले 'फेराइन' आवडतात. नोंदणीकृत संस्था, देशभरात सहा लाखांहून जास्त. गाण्याच्या, पोहण्याच्या, बागकामाच्या, अगदी ससे पाळणाऱ्यांच्यासुद्धा. तिथं माणसं वर्षानुवर्षं त्याच वारी त्याच खोलीत जमतात, कुणीतरी केक आणतं, कुणी खुर्च्या रचून ठेवतं, आणि नेहमीचाच एक गृहस्थ बेसूर गातो. गावाकडचं भजनी मंडळ याहून काय वेगळं असतं? नोंदणी नसते, एवढंच.

आणि रविवार. रविवारी इथं दुकानं बंद. स्टेशन, पेट्रोल पंप, बेकऱ्या असे अपवाद सोडले तर सगळी. 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवारच्या विश्रांतीचं कलम होतं, ते आजच्या राज्यघटनेनंही कायम ठेवलंय. सुरुवातीला माझी चिडचिड व्हायची. आता रविवारी विकत काही घेताच येत नाही, याचं बरं वाटतं.

लातूर-धाराशिवकडे असा एक दिवस कायद्याशिवाय येतो. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमची येळवस. शहर ओस पडतं, बाजार आपोआप बंद होतो. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो कुणाच्या तरी शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात, मग तो ओळखीचा असो वा नसो. ज्यांचं नावही माहीत नव्हतं अशांच्या शेतात मी पोटभर जेवलेय आणि परत कधी त्यांची गाठ पडली नाही. असं देणं कुठल्याच वहीत चढत नाही. (आदल्या रात्री जागून भज्जीची तयारी बायकाच करतात, हेही इथंच लिहून ठेवते.)

बाकी वर्षभर मात्र तिकडचं आणि इकडचं अंतर कमी होत चाललंय. मागच्या वेळी घरी गेले तेव्हा चुलतभावानं नवा फोन दाखवला, 80 हजारांचा, हप्त्यावर घेतलेला. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे 15 क्विंटल सोयाबीन त्याच्या खिशात होतं, तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू दोन-तीन एकरांचं पीक म्हणा. मी हे त्याला ऐकवलं नाही. माझ्या हातातला फोन काही स्वस्त नव्हता, आणि त्याची किंमत मला कुणी क्विंटलमध्ये विचारली नव्हती. पूर्वी आमच्या घरची दिवाळीची कापडं उधारीवर यायची, सोयाबीनची रास झाल्यावर पैसे. पाऊस दगा देऊन गेला तर दुकानदार थांबायचा, आणि चारचौघांत सुनवायचाही. ॲपवरून कापलेला हप्ता सुनवत नाही, पण थांबतही नाही.

याच भावाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेवर छापून आलं, 'कृपया आहेर आणू नये.' आईचा जीव खालीवर झाला. तिच्या मांडणीवरचं क्वचितच एखादं भांडं बिननावाचं असेल. आमच्याकडे भांड्याच्या दुकानात पैसे देताना "नाव घालायचं का?" हा प्रश्न येतोच, आणि परातीच्या काठावर देणाऱ्याचं नाव, निमित्त, तारीख कोरली जाते. पातेलं काढताना माणूस आठवतो, बऱ्याचदा तक्रारीसकट. "हे तुझ्या आत्याचं, पातळ पत्र्याचं. मी तिच्या लेकीला जाड बुडाचं दिलतं." शिवाय आहेराची वही आहेच. कुणी काय दिलं ते बघून, त्याला साजेसं परत करायचं. हिशेब फिटता कामा नये, थोडा इकडे किंवा तिकडे राहिला पाहिजे, म्हणजे पुढच्या कार्याला येणं भाग पडतं.

"काकूनं तुझ्या दादाच्या लग्नात शालू दिलता," आई फोनवर म्हणाली. "ते फेडू कवा? तसंच राहू दिऊ का डोक्यावर?"

भावाचंही चुकत नव्हतं. "ताई, माळ्यावर पोतंभर भांडी पडलीत. पुन्हा कशाला?" त्यानं आम्हा भावंडांना हव्या असलेल्या वस्तूंची यादी पाठवली, लिंकसकट. मी त्यातला एअर फ्रायर निवडला. इथूनच पैसे भरले, तो परस्पर त्याच्या घरी पोचला, भावानं अंगठा वर केलेलं चिन्ह पाठवलं. मला मोकळं वाटलं आणि जरा ओशाळंही.

आईनं पत्रिकेला न जुमानता तांब्याची घागर आणली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"नाव घालून आणलं. तुझं बी घातलंय."

"अगं, मी दिलंय ना वेगळं. तो एअर फ्रायर."

"म्हाईत हाय. त्याच्यावर कुठं घालणार हुतीस?"