मान दुखेपर्यंत वर

गॉथिक कॅथीड्रलमध्ये, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या भव्य चर्चमध्ये, पहिल्यांदा शिरलेला माणूस थोडा वेळ काही बोलतच नाही. मान मागे जाते, तोंड किंचित उघडं राहतं आणि पाय आपोआप मधल्या वाटेने पुढे सरकतात. भाविक असो वा नसो, सगळ्यांचं हेच होतं. एवढा जड दगड इतक्या वर राहिला कसा, हा हिशेब डोळ्यांना लागत नाही. बांधणाऱ्यांनी तो मुद्दाम लपवलेला असतो. खांबाला चिकटलेल्या बारीक दगडी कांड्या जमिनीपासून निघून थेट छत पेलणाऱ्या दगडी फासळ्यांना मिळतात आणि नजरेला मध्ये कुठे टेकू देत नाहीत.

हा हिशेब उघडा पडलेला बघायचा असेल तर बोव्हेला जावं. पॅरिसच्या उत्तरेचं हे गाव. युरोपात शिकणारी आपली मुलं स्वस्त विमानाने ‘पॅरिस’ला येतात ती पुष्कळदा बोव्हेच्या विमानतळावर उतरतात आणि बस पकडून निघून जातात. गावातल्या कॅथीड्रलला मात्र गॉथिक जगातलं सर्वांत उंच छत आहे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचं छत ३३ मीटरवर, फ्रान्समधल्याच आमिएँ गावच्या कॅथीड्रलचं ४२ वर, बोव्हेचं ४८ वर. म्हणजे आत एक सोळा मजली इमारत सहज उभी राहील.

आधी आत जाऊ नये. पूर्वेच्या बाजूने बाहेरून एक चक्कर मारावी. दगडी कमान भार नुसता खाली टाकत नाही, बाहेरही ढकलते. अर्धगोल कमानीपेक्षा टोकदार कमान कमी ढकलते, पण ढकलतेच. मुंबईकराला टोकदार कमान काही नवी नाही, बोरीबंदरला रोज दिसते. तिथे ती शैली म्हणून निवडली, तेराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये ती भाराची गरज होती. आतली भिंत जवळजवळ सगळी काचेची, तेव्हा हा रेटा घ्यायचा कुणी? तो बाहेरचे झुकते दगडी टेकू घेतात आणि दूरच्या जाड खांबांवर नेऊन सोडतात. त्या खांबांच्या डोक्यावरचे टोकेरी मनोरे लोकांना नक्षी वाटतात. ते वजन आहे. वरून दाब आला की तिरका रेटा खाली वळतो आणि खांबाच्या बुडाशी पोचेपर्यंत दगडाच्या आतच राहतो. तो बाहेर पडला तर खांब कलंडलाच.

बोव्हेचं काम १२२५ मध्ये सुरू झालं आणि वेदीकडचा भाग १२७२ मध्ये पुरा झाला. लाकडी सेंटरिंगवर आधी फासळ्या रचायच्या, मग त्यांच्यामधले छताचे पातळ दगडी पडदे भरायचे. अशा पडद्यांची जाडी पुष्कळदा वीतभरच असते. जोड चुन्याचे. जाड बांधकामाच्या पोटातला चुना सुकायला महिने, कधी वर्षं घेतो आणि तोवर सगळं थोडं थोडं बसत राहतं. म्हणून हिवाळ्यात काम थांबवून भिंतींचे माथे गवताने आणि शेणाने झाकत, कारण ओला जोड गोठला की फुटतो. घाई केली की कमान सरकते. बोव्हेत घाई झाली का, यावर अजून वाद चालू आहे. खांबांतलं अंतर जास्त होतं, बाहेरचे टेकू उजेडासाठी बारीक ठेवले होते आणि वारा जोराचा. १२८४ मध्ये छताचा काही भाग खाली आला.

त्यावरचा उपाय आत गेल्यावर दिसतो. दर दोन जुन्या खांबांच्या मधोमध एक नवा खांब घातला आहे. त्यामुळे तिथल्या कमानी अरुंद आणि उभट झाल्या, टोकं अधिकच तीक्ष्ण झाली. छताच्या प्रत्येक खणातल्या चार फासळ्यांच्या सहा झाल्या. गंमत अशी, की बघणाऱ्याला उंची दुप्पट वाटते ती या दुरुस्तीमुळे. मूळ आराखडा यापेक्षा ऐसपैस होता. मला विचाराल तर दुरुस्तीच जास्त सुंदर आहे.

इथे गाव शहाणं व्हायला हरकत नव्हती. पश्चिमेकडचा, लोकांनी उभं राहायचा लांब भाग बांधायचा राहिलाच होता. तो सोडून मध्यावर मनोरा चढवला. १५६९ मध्ये तो पुरा झाला तेव्हा १५३ मीटरचा होता. पश्चिमेला टेकायला काहीच नाही, म्हणून त्या बाजूचे खांब मोकळ्या दिशेला सरकू लागले. ३० एप्रिल १५७३ ला, सणाची मिरवणूक देवळाबाहेर पडल्यानंतर, मनोरा कोसळला. पैसे दुरुस्तीत गेले. पश्चिमेचा लांब भाग कधी झालाच नाही. ज्या जागी तो व्हायचा होता तिथे दहाव्या शतकातलं बुटकं जुनं चर्च अजून उभं आहे. रोमन काळातले लहान चौकोनी दगड पुन्हा वापरून बांधलेलं ते चर्च पाडायची वेळच आली नाही.

विसाव्या शतकाने स्वतःची भर घातली. बाहेरच्या टेकूंना बांधणाऱ्या लोखंडी सळया कुरूप दिसतात म्हणून १९६० च्या दशकात काढल्या. वाऱ्यात इमारत जास्त हलू लागली, तेव्हा पोलादी सळया बसवल्या. पोलाद लोखंडाइतकं लवत नाही, त्यामुळे इमारत ताठरली आणि नव्या भेगांचा संशय त्यांच्यावरच आला. १९९० च्या दशकात आत लाकडाचे आणि पोलादाचे धिरे द्यावे लागले. एवढ्या नाजूक इमारतीत ते आडदांड धिरे डोळ्यांत खुपतात खरे, पण मला चालतात. बाहेरचे टेकू चालतात, मग हे का नकोत?

उंचीचा हव्यास म्हणून बोव्हेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मुरडोत बापडे. मनोऱ्याऐवजी पश्चिमेचा भाग आधी बांधला असता तर बोव्हे आमिएँसारखं नीटस, पुरं झालं असतं. पण आमिएँ तर आहेच की.