६०० किलोमीटरचा मोह

लिफ्टवाल्याने दोन्ही हात छातीपुढे आणून फुली केली. फ्रेंच येत नसलं तरी एवढं कळलं. मेरिबेल या स्की-गावाच्या तळावरून आमच्या खोऱ्याकडे नेणारी शेवटची लिफ्ट नुकतीच बंद झाली होती. आमची खोली होती डोंगराच्या पलीकडे, वाल थोराँसला. स्कीवरून हे अंतर अगदीच किरकोळ. रस्त्याने जायचं तर मात्र आधी पार खाली मूतिये गावापर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या खोऱ्यातून पुन्हा वर चढायचं. पन्नासेक किलोमीटर, तेही पायात स्कीचे बूट घालून.

मामेभाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, तिन्ही खोऱ्यांचा पास घ्यायचं तुझंच डोकं होतं."

होतं माझंच. फ्रान्सच्या आल्प्समध्ये वाल थोराँस, मेरिबेल आणि कुर्शवेल ही ठिकाणं तीन शेजारशेजारच्या खोऱ्यांत आहेत. लिफ्टच्या जाळ्याने ती जोडलेली आहेत आणि मिळून सुमारे ६०० किलोमीटरचे उतार एकाच पासवर फिरता येतात. तो आकडा वाचला आणि माझ्यातली हिशोबी बाई जागी झाली. एवढं मिळतंय तर सोडायचं कशाला? सहाही दिवसांचा पूर्ण पास घेतला. आठवड्याअखेरीस मोजलं तर मी जेमतेम वीस उतारांवरून गेले होते आणि त्यातल्या सात-आठांवरून पुन्हा पुन्हा. दुसऱ्या खोऱ्यात पाऊल टाकलं ते त्या एकाच दिवशी, फुलीच्या दिवशी.

वर्षातून एकदा आठवडाभर स्की करणाऱ्याला एका खोऱ्याचा पास भरपूर झाला. पाय मोकळे झाले, हवा चांगली असली, तर एका दिवसापुरता पुरवणी पास अशा जोडलेल्या रिसॉर्टमध्ये सहसा मिळतो. दूर जायचंच असेल तर दुपारचं जेवण परतीच्या वाटेवर, आपल्या खोऱ्याच्या जवळ घ्या. आम्ही कुर्शवेलला निवांत जेवलो आणि तिथेच फसलो. त्यात १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अल्पाइन शर्यती मेरिबेलला झाल्या होत्या, तो उतार भावाला खालून तरी बघायचा होता. बघितला. दोन खोरी जोडणाऱ्या लिफ्टची बंद होण्याची वेळ नकाशावर सहसा दिलेली असते. तिच्या तासभर आधी तिथे पोचायचं, कारण चार वाजता रांगेत आपण एकटे नसतो.

वाल थोराँस निवडण्यामागे माझं कारण साधं होतं: गाव २,३०० मीटरवर आहे, म्हणजे बर्फ नक्की. ते खरंच आहे. युरोपातलं हे सर्वांत उंच स्की रिसॉर्ट, त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये जायचं तर अशी उंच जागाच बरी. पण एवढ्या उंचीवर झाडं नसतात, याचा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला. ढग खाली आले आणि आभाळ, उतार, हवा सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं झालं. एका क्षणी वाटलं मी थांबलेय, म्हणून हातातली स्कीची काठी टेकवायला गेले आणि आडवी झाले. मी सरकतच होते! झाडांच्या रांगा असल्या की त्यांच्या काळ्या रेषांनी डोळ्यांना उताराचा अंदाज येतो. म्हणून ऐन हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, जंगलातले उतार असलेलं खालचं गाव मला आता जास्त आवडतं. उंचावर जाणार असाल तर गॉगलची एक फिकट पिवळी किंवा गुलाबी काच बरोबर असू द्या. झगझगीत उन्हासाठीची गडद काच ढगात काही कामाची नाही.

आता बुटांबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी आधीची एक सुट्टी बुटांनीच खाल्ली होती. भाड्याच्या दुकानात पाय आवळला गेला म्हणून मी कळवळले आणि एक माप मोठा जोड घेतला. स्कीचे बूट मऊ नसतात, ते आवळायलाच हवेत. ढिल्या बुटात टाच उचलली जाते, मग स्की वळवायला आपण पायाची बोटं आक्रसतो, नडगी पुढच्या कडेवर आपटत राहते. चौथ्या दिवशी माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होती. बूट बघायची पद्धत अशी: बकल लावून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं किंचित मागे आली पाहिजेत. माप सेंटिमीटरमध्ये असतं, आपला नेहमीचा नंबर विसरा. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की सुरकुत्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही. एवढं करूनही दुपारपर्यंत दुखलं तर सोसत बसू नका, दुकानात जाऊन जोड बदलून घ्या. त्यांना त्याची सवय असते.

त्याच दुकानात आणखी एक कागद भरून घेतात: वजन, उंची, वय आणि स्की किती जमतं ते. बूट स्कीतून किती जोरावर सुटावा हे बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या चापावर, त्या कागदावरून ठरवतात. भावाने 'तरबेज'वर खूण केली. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. फुशारकी मारावी, पण इथे नाही. बाइंडिंग गरजेपेक्षा घट्ट असलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

युरोपात निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये त्याआधी नवशिक्यांचा हिरवाही असतो. पण उतार एरवी किती अवघड ते हे रंग सांगतात, त्या वेळचा बर्फ कसा आहे ते नव्हे. सकाळी यंत्राने विंचरलेला लाल उतार मला लोण्यासारखा गेला. दुपारी साडेतीनला गावात उतरणाऱ्या निळ्या उतारावर मात्र बर्फाचे ढीग, मधूनच घोटीव काच, आणि घरी निघालेली सगळी दुनिया. पाय थकलेले आणि अशी वाट! त्या वेळी गोंडोलात, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यात, बसून खाली येण्यात काहीही कमीपणा नाही, मी येते.

शक्य असेल तर फेब्रुवारी टाळा. फ्रान्समधल्या शाळांची हिवाळी सुट्टी तीन विभागांत पाळीपाळीने मिळून चार आठवडे चालते आणि तेव्हा लिफ्टपेक्षा रांगा लांब असतात. बहुतेक खोल्या शनिवार ते शनिवार भाड्याने जातात, म्हणून शनिवारी रस्ते तुंबतात आणि उतार ओस पडतात. आम्ही निघायच्या शनिवारी सकाळचे तीन तास स्की करून घेतलं. अख्ख्या चेअरलिफ्टवर आम्ही दोघंच.

विमा मात्र घरून निघण्याआधी बघा. जखमी माणसाला उतारावरून घसरगाडीने खाली आणतात, त्याचंही फ्रान्समध्ये बिल येतं. साध्या प्रवासविम्यात स्की धरलेलं असेलच असं नाही, आणि आखलेल्या उताराबाहेर गेलात तर पुष्कळदा नसतंच. तसं बाहेर जायचा विचार असेल तर हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी वाचा. ती १ ते ५ अशी असते आणि ३ म्हणजे 'ठीकठाक' नव्हे, धोका लक्षणीय आहे असा तिचा अर्थ.

तर मेरिबेलला टॅक्सी आली तेव्हा काळोख पडला होता. आम्ही ओल्या स्की घेऊन ओशाळून उभे. चालकाने काही न विचारता डिकी उघडली. आत प्लास्टिकचं कापड आधीच अंथरलेलं होतं, स्की बांधायचे दोन पट्टे त्यावर तयार. "वाल थोराँस?" त्यानेच विचारलं.