दलदलीच्या टप्प्याचं पाणी अखेर सापडलं

ज्या टप्प्याबद्दल मी इथे सारखी लिहीत आले आहे, त्या अमेरिकेतल्या घोड्यांच्या डोंगरवाटेवरच्या, कुरणाच्या तोंडाशी असलेल्या दलदलीचं मूळ या शनिवारी हाताला लागलं. वाटेच्या वरच्या अंगाला खणलेल्या चाचणीच्या चरात दोन फुटांवर निळसर करडी चिकणमाती लागली आणि तिच्या डोक्यावरून, खडीच्या पातळ थरातून, थंडगार पाणी झुळझुळत बाहेर आलं. पावसाचं नाही, वितळलेल्या बर्फाचंही नाही. झराच आहे तो.

जून महिन्यातली निराशा आठवत असेल. बर्फ गेल्यावर वर पोहोचलो, तर जुन्या टर्नपाइकचा, म्हणजे कडेला ओंडके लावून मध्ये माती भरून उचललेल्या वाटेचा, मधला भराव पुन्हा खाली बसलेला. कडेचे ओंडके शाबूत, दोन्ही बाजूंचे चर मोकळे आणि मध्ये साठेक फूट नुसता रबडा. दरवर्षी वर माती घालायची आणि दरवर्षी ती गिळली जायची. पाठीवर माणूस आणि खोगीर घेतलेला घोडा पाचशे किलोच्या पुढे जातो, आणि ते सगळं वजन चार खुरांवर येतं. अशा जागी नाल उपटून निघते, क्वचित पायाची शीरही दुखावते. मग स्वार शहाणपणा करून बाजूने घोडा घालतात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. खालच्या कुरणात त्या चारही वाटा आता लांबून दिसतात, आणि मला त्या बघवत नाहीत.

कोडं असं होतं की ऑगस्टमध्ये दोन्ही चरांत पाण्याचा थेंब नव्हता, तरी वाट मऊच. वरून वाहून येणाऱ्या पाण्यासाठी आपल्याकडे सगळे उपाय आहेत. बाहेरच्या बाजूला जरा उतार द्या, लांबट रोलिंग डिप, म्हणजे वाटेत आडवा उथळ खोलगट भाग, काढा, पाणी आपसूक वाटेवरून उतरून जातं. इथे ते सगळं करून झालं होतं. म्हणून यंदा पंचन घालायचं, म्हणजे लाकडी फळ्यांचा पूलवजा रस्ता करायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. मला तो मनापासून नको होता. ओल्या फळ्यांवर खूर घसरतात, लाकूड कुजतं आणि नवख्या घोड्याला त्या पोकळ आवाजावरून न्यायचं म्हणजे परीक्षाच. वाटच उचलून वरच्या कोरड्या उतारावर न्यावी, तर त्याआधी पर्यावरणाची सगळी तपासणी आली. ती योग्यच आहे, पण तिला वेळ लागतो.

विचार बदलला तो फोनवर. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं. तिकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, आणि त्या सुधारायला जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. दादाने स्वतःच्या रानात ते काम करून घेतलंय. त्याला फोटो पाठवले, तर म्हणाला, "अगं, ह्या चरांचा काय उपयोग? पाणी खालनं चढतंय. वरच्या अंगाला भोकं मारून बघ की, पाणी किती खोलावर लागतंय ते."

मग हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मातीत भोक पाडायच्या गिरमिटाने, वाटेला आडव्या रेषेत भोकं घेतली. उताराच्या वरच्या भोकात पाणी वर, खालच्या भोकात खोल. म्हणजे पाणी चिकणमातीवरून आडवं सरकत येतं आणि वाटेपाशी उतार सपाट झाला की वर उमळतं. आपण त्याच्या डोक्यावर भराव टाकत होतो. वनखात्याच्या ट्रेल-प्रमुखांना हे दाखवलं, त्यांनी छोट्या चाचणी-चराला होकार दिला, आणि शनिवारी पाणी दिसलं. चर चालू ठेवल्यावर दुपारपर्यंत वाटेवरच्या भोकातली पातळी बोटभर उतरली होती. मी ती तीनतीनदा काठी घालून पाहिली!

आता योजना: वरच्या अंगाला, चिकणमातीपर्यंत खोल, वाटेला तिरका चर. पाइप नको, वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्याने जसंच्या तसं राखलेल्या रानात, प्लास्टिकची नळी मला पटत नाही. चरात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरायचं, मुठीएवढे दगड भरायचे, कापड वरून दुमडायचं आणि काढून ठेवलेलं गवत मुळांसकट परत बसवायचं. कापड घेताना न विणलेलं, नमद्यासारखं दाबलेलंच घ्या. एका दुकानाने आम्हाला विणलेलं पाठवलं होतं. भरावाखाली मजबुतीला ते चांगलं, पण निचऱ्याला नाही.

दगडांची वाहतूक हाच खरा घाम. अमेरिकेच्या 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने इथे चेनसॉ चालत नाही, तशी चाकाची ढकलगाडीही चालत नाही. म्हणून खेचरं. खालून उघडणाऱ्या खडीच्या पिशव्या मिळाल्या तर सोनंच, फक्त दोन्ही बाजूंचे खटके एकाच क्षणी ओढायचे. एक बाजू आधी रिकामी झाली, तर दुसरीच्या वजनाने खोगीर फिरतं आणि खेचर बिथरतं.

जाता जाता करवतीबद्दल. दलदलीच्या अलीकडे आडवा पडलेला मोठा स्प्रूस वृक्ष कापला. वरून दाब होता, करवत आवळली जाणार हे दिसत होतं, म्हणून चीर पडताच पाचर ठोकल्या आणि शेवटचा भाग खालून कापला. जुनी, पाठीकडे पातळ होत जाणारी, ओंडका आडवा कापायची क्रॉसकट हातकरवत वापरली आणि भुशाऐवजी लांब शेवया पडत राहिल्या. नवी सपाट पात्याची करवत कितीही चकचकीत असो, मी जुनीच घेईन आणि धार लावायला जाणकाराकडेच देईन. रेकर, म्हणजे कापलेलं लाकूड खरवडून बाहेर काढणारे दात, जरा जरी जास्त घासले गेले, तरी शेवया गायब होतात.

हे लिहिता लिहिता एक शंका आली. सगळं पाणी एकाच जागी वाटेखालून काढलं, तर खालचं ओलं कुरण काही ठिकाणी सुकेल आणि एका ठिकाणी घळ पडेल. ते पाणी तिथल्या गवताचं आहे. त्यापेक्षा चराला दोन-तीन तोंडं ठेवावीत आणि प्रत्येक ठिकाणी वाटेखाली मोठ्या दगडांचा थर घालून पाणी पसरून सोडावं. दगड जास्त लागतील, खेचरांच्या फेऱ्या वाढतील. तरी मला हेच बरोबर वाटतंय. नवीन आकृती काढून ट्रेल-प्रमुखांना पाठवते, त्यांचा होकार आला की मगच पुढचं खणणं.

बर्फ पडायच्या आत दगड वर पोहोचायला हवेत. ज्यांच्याकडे मालाची सवय असलेली खेचरं आहेत, त्यांनी कळवा. गवत तणमुक्त प्रमाणपत्राचंच आणा, आणि घोडे दोरीला बांधायला झाडाभोवती गुंडाळायचे रुंद पट्टे विसरू नका. खालून उघडणाऱ्या पिशव्यांची जोडी कुणाकडे पडून असेल, तर ती आधी हवी.