हात हलतोय

आज स्टील गिटारच्या रियाजाला बसलो आणि पहिल्याच लांब सुरावर डावा हात आपोआप थरथरायला लागला. तिथेच थांबलो. हेच वाद्य वाजवणारे एक बुजुर्ग वादक गेल्याची बातमी कळून जेमतेम दोन तास झाले होते.

खूप वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर मोठ्या झोकात वाजवलं होतं. संपवून कौतुकाची वाट बघत बसलो. ते म्हणाले, "सूर सापडत नाही म्हणून हात हलवतोस ना?"

बस्स. ना 'छान', ना 'जमेल हळूहळू'.

राग आला होता. पण खोटं काय होतं त्यात? हवाई बेटांवरून आलेल्या या स्टील गिटारची तार पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पट्टीवर, दाबायची नसतेच. गिटार आडवी, तारांवर पोलादी बार, आणि तो सरकवायचा. खालच्या पट्ट्या नुसत्या खुणेपुरत्या. मान जरा कलली तरी नजर फसते. केसभर चुकलं की बेसूर. मग आम्ही बार थरथरवतो. सूर वर-खाली होत राहतो आणि चूक नेमकी कुठे ते कुणाला कळत नाही. (सोय मोठी आहे!)

ते आधी सूर सरळ धरायचे. अगदी कोरडा. एक श्वास जाऊ द्यायचे. मगच हात हलायचा, तोही सावकाश. बोलणंही तसंच, बिनथरथरीचं.

आज तोच एक सूर हात न हलवता धरून बसलो. किंचित उतरलेलाच होता.

आता हे मला तोंडावर कोण सांगणार?